थोरल्या माक्रिनेचा वारसा

दुधापेक्षां दुधावरची साय अधिक गोड, असें आपल्याकडे नातवंडांच्या बाबतींत म्हणतात. मुलांशीं आयुष्यभर कडक वागलेला बाप नातवापुढें घोडा होतो. आणि सुनेला दोन शब्द सुनावल्यावांचून जिचा दिवस मावळत नाहीं, ती सासू नातीच्या केसांतला गुंता सोडवीत तास न् तास बसते. हें प्रेम कोणाला शिकवावें लागत नाहीं. तें कोणत्याहि धर्माची मिरास नाहीं कीं कोणत्याहि देशाचें वैशिष्ट्य नाहीं. असें असतां, आजी-आजोबांच्या प्रेमाला श्रद्धेचें प्रतिबिंब मानण्याची जी एक जुनी परंपरा ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत आहे, तिचा अर्थ काय करावयाचा? जें सर्वांच्याच ठिकाणीं उपजत आहे, तें एका विशिष्ट श्रद्धेचें प्रतिबिंब कसें म्हणतां येईल? हा प्रश्न नुसत्या तर्कानें सुटण्यासारखा नाहीं. एखादें घराणें समोर ठेवावें, त्यांतील वडील माणसाच्या प्रेमाचें तीन पिढ्यांत काय झालें तें पाहावें, तरच त्याचें उत्तर हातीं लागण्याचा संभव आहे. असें एक घराणें चौथ्या शतकांत काळ्या समुद्राच्या दक्षिणेस, आजच्या तुर्कस्तानांत मोडणाऱ्या पोंटस प्रांतांत होऊन गेलें. माक्रिना ही त्या घराण्याची मूळ स्त्री. तिच्या नातीचेंहि नांव माक्रिनाच असल्यामुळें इतिहासांत आजीला थोरली व नातीला धाकटी म्हणतात. या थोरल्या माक्रिनेविषयीं येथें मुख्यतः लिहावयाचें आहे. परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वीं वाटेंत एक अडचण आहे. ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

ती अडचण अशी कीं, प्रथमदर्शनीं पाहतां ख्रिस्ती धर्माचें कुटुंबाशीं फारसें सख्य दिसत नाहीं. जो आईबापांवर किंवा लेकरांवर आपल्याहून अधिक प्रीति करतो तो आपल्याला योग्य नाहीं, अशा अर्थाचें येशूचें वचन शुभवर्तमानांत आहे. आई व भाऊ दाराशीं येऊन उभे असतां, देवाची इच्छा पाळणारे तेच आपले आप्त, असें तो म्हणाल्याचेंहि तेथें नमूद आहे. पहिल्या तीन शतकांत या वचनांचा अर्थ लोकांना ग्रंथांत शोधावा लागला नाहीं. तो त्यांच्या घरांत येऊन उभा राहिला. रोमन समाजांत घर हीच धर्माची पहिली जागा होती. गृहदेवतांची पूजा, पितरांचें स्मरण, कुलाचार हें सर्व कर्त्या पुरुषाच्या हातून होत असे. आणि कायद्यानें कुटुंबांतील सर्वांत वडील पुरुषाची सत्ता मुलांवरच काय, पण मुलग्यांच्या मुलांवरहि चालत असे. अशा घरांतील एखाद्या व्यक्तीनें नवी श्रद्धा पत्करली, म्हणजे पहिला घाव त्या वडील पुरुषाच्या अधिकारावर बसे, आणि त्यामागोमाग त्याच्या काळजावर.

इ. स. २०३ सालीं उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज शहरांत पर्पेतुआ नांवाच्या सुमारें २२ वर्षांच्या एका कुलीन तरुणीला ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याबद्दल कैद करण्यांत आलें. तिच्या अंगावर पितें मूल होतें. तुरुंगांत तिनें लिहून ठेवलेली हकीकत लॅटिन भाषेंत आजहि उपलब्ध आहे. तिचा बाप ख्रिस्ती नव्हता. तो तुरुंगांत आला, तिच्या हातांचीं चुंबनें घेऊं लागला, तिच्या पायांवर पडला; आणि मुलीला मुलगी म्हणावयाचें सोडून 'बाईसाहेब' म्हणूं लागला. माझ्या पिकल्या केसांकडे पाहा, आपल्या आईकडे व मावशीकडे पाहा, तुझ्यामागें जें जगणार नाहीं त्या तुझ्या लेकराकडे पाहा, असें त्याचें म्हणणें. चौकशीच्या दिवशीं तर तो नातवाला हातांवर घेऊन न्यायासनाजवळ येऊन ठेपला. अधिकाऱ्यानें त्याला तेथून हुसकून लावण्याचा हुकूम केला, आणि त्या ओढाताणींत म्हाताऱ्याला छडीचा मार बसला. आपल्यालाच मार बसावा तसें आपल्याला झालें, असें मुलीनें लिहिलें आहे. पण ती ढळली नाहीं. शिक्षा ठरल्यावर तिनें मूल आणावयास माणूस पाठविला, तेव्हां आजोबानें तें देण्याचें नाकारलें. ती रिंगणांत मेली. मूल आजोबापाशीं राहिलें.

ख्रिस्ती मंडळीनें पर्पेतुएला रक्तसाक्षींत मानाचें स्थान दिलें, आणि तें तिला शोभतेंच. परंतु ही हकीकत वाचणाऱ्या कोणाहि सहृदय माणसाच्या डोळ्यांपुढें शेवटीं उभा राहतो तो तो म्हातारा. त्याच्या प्रेमांत काय उणें होतें? नातवासाठीं तो भर न्यायसभेंत मार खाण्यास तयार झाला. तो ज्या देवांना भजत होता त्यांच्या नांवानें त्यानें मुलीला शाप दिला नाहीं. तिच्या पायांवर लोळण घेतली. तेव्हां आजोबांची माया ही ख्रिस्ती श्रद्धेची देणगी आहे असें जर कोणी म्हणूं लागेल, तर कार्थेजच्या या बिगरख्रिस्ती आजोबाची साक्ष त्याच्याविरुद्ध जाईल. शिवाय येथें श्रद्धा व माया एकमेकींच्या समोरासमोर उभ्या आहेत, एकींत दुसरीचें प्रतिबिंब पडलेलें नाहीं. हें ध्यानांत ठेवूनच पुढें गेलें पाहिजे.

आतां दुसरी बाजू पाहूं. संबंध नव्या करारांत 'आजी' हा शब्द एकदांच येतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत, त्याच्या निष्कपट श्रद्धेचा उगम सांगतांना, ती प्रथम त्याच्या आजीच्या ठिकाणीं व मग आईच्या ठिकाणीं होती असें म्हटलें आहे. आजीचें नांव लोईस, आईचें युनीके. तीमथ्य हा लुस्त्र गांवचा. त्याची आई यहुदी व बाप ग्रीक होता, असें प्रेषितांच्या कृत्यांवरून कळतें. लोईसविषयीं याहून अधिक एक अक्षरहि तेथें नाहीं. तथापि या एका ओळींत एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. कायद्यानें घराची सर्व सत्ता वडील पुरुषाच्या हातीं दिली होती. वंश, नांव, मालमत्ता, देव्हारा हें सर्व त्याच्याकडून पुढें जावयाचें. परंतु श्रद्धेची वंशावळ सांगण्याची वेळ आली, तेव्हां पत्र लिहिणाऱ्यानें नांव घेतलें तें आजीचें. जिला नातवाच्या नांवें कांहीं करून ठेवण्याचा अधिकार नव्हता, जिच्यापाशीं द्यावयास आपलें बोलणें, आपली आठवण आणि आपल्या वागण्याचा कित्ता एवढेंच होतें, तिचें. पुढें तीनशें वर्षांनीं पोंटसमध्यें जें घडलें, त्याचें बीज या एका ओळींत आहे.

थोरली माक्रिना ही पोंटसमधील निओकैसरिया या शहरची. तें आज निकसार या नांवानें ओळखलें जातें. या शहरांत तिसऱ्या शतकांत ग्रेगरी नांवाचा एक बिशप होऊन गेला होता. तो पॅलेस्टाइनमध्यें ओरिजेन या विख्यात पंडिताजवळ शिकलेला, आणि लोकांनीं त्याला 'चमत्कार करणारा' अशी पदवी दिलेली. तो आला तेव्हां शहरांत ख्रिस्ती माणसें अवघीं १७ होतीं, आणि मेला तेव्हां ख्रिस्ती न झालेलीं अवघीं १७ राहिलीं होतीं, अशी त्याच्याविषयींची आख्यायिका आहे; तिच्यांतला हिशेब फार सुबक आहे, म्हणून तो शब्दशः घेण्याचें कारण नाहीं. परंतु या ग्रेगरीचीं वचनें त्या शहरांतील लोक तोंडपाठ ठेवीत असत, ही गोष्ट खरी. आणि माक्रिनेच्या स्मरणांत तीं पक्कीं बसलेलीं होतीं.

माक्रिना संपन्न घरांत नांदत होती. इ. स. ३०३ मध्यें सम्राट डायोक्लेशन यानें ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला. प्रार्थनामंदिरें पाडण्याचे व धर्मग्रंथ जाळण्याचे हुकूम सुटले. पश्चिमेकडे हा छळ लौकरच ओसरला. परंतु पूर्वेकडील प्रांतांत गॅलेरियस व मॅक्सिमिनस यांच्या अमलाखालीं तो मधूनमधून थांबत ३१३ पर्यंत चालूं राहिला. या काळांत माक्रिना व तिचा पति थोडे नोकर बरोबर घेऊन पोंटसच्या डोंगराळ अरण्यांत निघून गेलीं, आणि सुमारें सात वर्षें तीं तेथें राहिलीं. अंथरुणाऐवजीं जमीन, छपराऐवजीं झाडें, त्यांत पाऊस व थंडी. सुखांत वाढलेल्या माणसांचे काय हाल झाले असतील याची कल्पना करावी. एकदां या उपाशी माणसांना शिकारीच्या मांसाची इच्छा झाली, तेव्हां धष्टपुष्ट हरणें आपण होऊन त्यांच्यापुढें येऊन उभीं राहिलीं, अशी कथा नाझियान्झसचा ग्रेगरी यानें सांगितली आहे. हा दुसरा ग्रेगरी म्हणजे माक्रिनेच्या नातवाचा जिवलग मित्र. त्याला ही कथा कळली ती अर्थात् त्या घरांतूनच. हरणें खरोखर कशीं आलीं याचा खल करण्यांत हंशील नाहीं. पण अरण्यवासाच्या त्या सात वर्षांपैकीं त्या घरानें पुढच्या पिढीला सांगण्यासाठीं जें निवडलें, त्यांत छळ करणाऱ्यांना दिलेले शिव्याशाप नाहींत. भुकेच्या वेळीं दारांत आलेल्या हरणांची गोष्ट आहे. घरांतील वडील माणसें आपल्या दुःखाचें काय करतात, तें विष म्हणून पुढें देतात कीं गोष्ट म्हणून, यावर नातवंडांचा स्वभाव पुष्कळ अंशीं घडतो.

या घराची मालमत्ता ख्रिस्ताचें नांव घेतल्याबद्दल जप्त झाली होती. माक्रिनेच्या मुलाचें नांव बासिल; त्याचें लग्न एमेलिया या मुलीशीं झालें. तिच्या माहेरचीहि तीच कथा: तिचा बाप राजकोपास बळी पडला आणि त्याची मालमत्ता इतरांना वांटली गेली. म्हणजे नातवंडांना दोन्हीकडून वारसा मिळाला तो जप्तीचा. माक्रिनेच्या पतीचें नांवहि इतिहासानें राखलेलें नाहीं. वंशपरंपरेच्या नेहमींच्या हिशेबानें या आजोबांची पाटी कोरी. नांव नाहीं आणि जुनें धनहि नाहीं. पुढें कुटुंबाची स्थिति पुन्हां सुधारली, इतकी कीं नऊ मुलांत वांटणी झाली तेव्हां प्रत्येकाच्या वांट्याला आईबापांच्या मूळ संपत्तीहून अधिक आलें, असें एका नातवानें लिहून ठेवलें आहे. परंतु आजीच्या हातून नातवंडांना जें मिळालें, तें या वांटणींत आलेलें नव्हतें.

बासिल व एमेलिया यांना पांच मुली व चार मुलगे होते. त्यांतील थोरल्या मुलीचें नांव आजीवरून माक्रिना ठेवलें. दुसरा बासिल, जो पुढें कैसरियाचा बिशप झाला व ज्याला जग 'महान बासिल' म्हणून ओळखतें, तो ३३० च्या सुमारास जन्मला. तिसरा निसाचा बिशप ग्रेगरी, हाहि ग्रीक ख्रिस्ती वाङ्मयांतील पहिल्या प्रतीचा विचारवंत. सर्वांत धाकटा पीटर, तोहि बिशप झाला. यांपैकीं बासिलचें बालपण आजीच्या देखरेखीखालीं गेलें. तिनें त्याला जुन्या ग्रेगरीचीं वचनें पाठ करविलीं, आणि मुलाचें मन अजून ओलें असतां त्याला आकार दिला. हें आपण अनुमानानें सांगत नाहीं. बासिलनें स्वतः तें आपल्या पत्रांतून सांगितलें आहे, आणि ज्या प्रसंगीं सांगितलें तो प्रसंग मोठा बोलका आहे.

बासिल हा त्या काळच्या उत्तम शिक्षणाचा धनी होता. कैसरिया, कॉन्स्टँटिनोपल व अथेन्स येथें त्यानें वक्तृत्व व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. ३७० मध्यें तो कैसरियाचा बिशप झाला. त्या वेळीं ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयींच्या वादानें पूर्वेकडील मंडळ्या दुभंगल्या होत्या, आणि खुद्द सम्राट व्हॅलेन्स त्याच्या विरुद्ध पक्षाचा होता. ३७५ च्या सुमारास बासिलच्या एका जुन्या सोबत्यानेंच त्याच्यावर पाखंडाचा आरोप केला. निओकैसरियाचे लोकहि, म्हणजे त्याच्या आजीच्या गांवचे लोक, त्याच्याकडे पाठ फिरवून बसले. अशा वेळीं अथेन्सच्या या पदवीधरानें आपल्या श्रद्धेचा पुरावा म्हणून काय पुढें केलें? त्यानें आजीचें नांव घेतलें. तुमच्याच शहरांतील माक्रिना, जिची कीर्ति तुम्ही सर्व जाणतां, तिच्या मांडीवर मी वाढलों. याहून माझ्या श्रद्धेचा आणखी कोणता दाखला हवा, अशा आशयाचें त्यानें त्या लोकांना लिहिलें. आरोप करणाऱ्या सोबत्यालाहि त्याचें उत्तर असेंच होतें: लहानपणीं आईकडून व आजीकडून देवाविषयींची जी कल्पना मिळाली, तीच आपल्या ठिकाणीं वाढत गेली, बी व झाड यांत जसा वाढीचा फरक असतो, जातीचा नसतो, तसें तें आहे. हजारों पानें लिहिणाऱ्या पंडितानें आणीबाणीच्या वेळीं आजीची साक्ष काढावी, हें पाहून आजही मन थबकतें.

आजीनें दिलेल्या बीजाचें झाड कोणत्या प्रकारचें झालें, हें आतां पाहिलें पाहिजे. कारण तिच्या प्रेमाची खरी पारख तेथें आहे. नातवंडें गुणी निघालीं, मोठ्या पदांना चढलीं, एवढेंच जर असतें, तर एक भाग्यवान कुटुंब म्हणून त्याची नोंद करून आपण मोकळे झालों असतों. पण या तिसऱ्या पिढीनें कुटुंब या शब्दाचाच अर्थ बदलला.

नात माक्रिना हिचा वाग्दत्त वर लग्नाआधींच वारला. तिनें पुन्हां लग्नाचा विचार केला नाहीं, आणि आईजवळ राहून धाकट्या भावंडांचें केलें. पीटरच्या जन्माच्या सुमारास बाप वारला. त्या मुलाला तिनें असें वाढविलें कीं त्याचा बाप, गुरु व आई तीच झाली. पुढें आयरिस नदीच्या कांठीं अनेसी येथील आपल्या मळ्यांत तिनें आईला एक गोष्ट पटविली: घरांतील दासींना दासी म्हणून वागवावयाचें नाहीं. धनीण व दासी एकाच पंक्तीला जेवूं लागल्या, एकसारख्या बिछान्यावर निजूं लागल्या. ज्या समाजांत दासी हा मालमत्तेचा एक प्रकार होता, त्या समाजांत ही क्रांति कोणत्याहि घोषणेवांचून एका घराच्या स्वयंपाकघरांत झाली. दुष्काळांत रस्त्यावर टाकून दिलेल्या मुली तिनें उचलून आणून वाढविल्या; ३७९ मध्यें ती वारली तेव्हां आई गेली म्हणून रडणाऱ्यांत त्या होत्या. तिच्यामागें निघालेली मालमत्ता म्हणजे एक अंगरखा, एक ओढणी व झिजलेला पादत्राणांचा जोड. हें सर्व तिचा भाऊ निसाचा ग्रेगरी यानें लिहिलेल्या तिच्या चरित्रांत आहे. याच ग्रेगरीनें आपल्या एका प्रवचनांत, देवानें आपल्या प्रतिमेप्रमाणें घडविलेल्या माणसाची किंमत कोणत्या नाण्यांत मोजणार, असा सवाल गुलामांच्या धन्यांना केला. गुलामगिरीच्या मुळावरच घाव घालणारें इतकें स्पष्ट लेखन प्राचीन जगांत दुसरें सांपडणें कठीण आहे.

बासिलची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. ३६९ च्या सुमारास कप्पदुकियांत भयंकर दुष्काळ पडला. समुद्र दूर, धान्य बाहेरून येण्याची सोय नाहीं, आणि साठेवाल्यांनीं कोठारें मिटून घेतलेलीं. बासिलनें आपल्या प्रवचनांनीं तीं उघडविलीं, आणि स्वतः कमरेला फडकें गुंडाळून भुकेल्यांना वाढावयास उभा राहिला. पुढें बिशप झाल्यावर त्यानें कैसरियाच्या वेशीबाहेर आजाऱ्यांसाठीं, निराश्रितांसाठीं व वाटसरूंसाठीं एक मोठी वसाहत उभारली. ज्यांना त्यांचीं स्वतःचीं माणसेंहि घराबाहेर काढीत, त्या कुष्ठरोग्यांना तेथें जागा होती, आणि बिशप स्वतः त्यांना जवळ घेई. नाझियान्झसच्या ग्रेगरीनें तिला एक नवें शहरच म्हटलें.

दुष्काळाच्या सुमाराच्या बासिलच्या प्रवचनांत एक चित्र आहे. घरांत दाणा नाहीं. बाप आपल्या मुलांकडे पाहतो आहे आणि बाकीच्यांना जगविण्यासाठीं त्यांपैकीं कोणाला विकावें याचा विचार करतो आहे. थोरल्याला विकावें, तर त्याचा मान आडवा येतो. धाकट्याला विकावें, तर त्याचें अजाणपण. एकाच्या चेहऱ्यांत आईबापांचीं रूपें दिसतात, दुसरा विद्येला लायक. अखेर डोळ्यांतून आसवें गाळीत तो एकाला बाजारांत नेतो, आणि धान्याचा धनी तेथेंहि घासाघीस करतो. धनिकांना उद्देशून केलेल्या दुसऱ्या एका प्रवचनांत बासिल आणखी पुढें जातो. श्रीमंत माणूस म्हणतो, मला मुलांसाठीं ठेवावयास नको काय? बासिलच्या मतें ही लोभाची सोंवळी सबब होय. देवापाशीं मूल मागतांना, गरिबाला नाहीं म्हणण्याचें कारण मिळावें म्हणून तें दे, अशी प्रार्थना कोणी केली होती काय? ठेवलेल्या धनाचा मूल सदुपयोगच करील याची हमी कोण देणार?

हा प्रश्न मनाला झोंबणारा आहे, कारण तो दुष्टांना नव्हे, प्रेमळांना विचारलेला आहे. जगांत साठेबाजी, लांच, भाऊबंदकी हें पुष्कळसें मुलांवरील व नातवंडांवरील प्रेमापोटींच चालतें. त्या कोठारवाल्यालाहि नातवंडें असतील; घरीं जाऊन तोहि त्यांच्यापुढें घोडा होत असेल. त्याची माया खोटी नव्हती. ती फक्त उंबरठ्यापाशीं थांबत होती. बासिलच्या आजीच्या मायेला असा उंबरठाच उरला नव्हता. तो सरकारनें जप्त केला होता. ज्या आजीनें सात हिंवाळे उघड्यावर काढले, तिच्या नातवाला उघड्यावरचीं माणसें परकीं कशीं वाटावीं? तिनें नातवंडांना आपलें सर्वस्व दिलें. पण त्या सर्वस्वांत असें कांहींच नव्हतें कीं जें एकाला दिल्यानें दुसऱ्याला कमी पडेल. जें वांटल्यानें घटतें, त्याचा वारसा भावाला भावाचा प्रतिस्पर्धी करतो. जें वांटल्यानें वाढतें, त्याचा वारसा परक्यालाहि भाऊ करतो.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि तीहि सांगितली पाहिजे. कुटुंबाच्या भिंती रुंद करावयास निघालेल्या त्या शतकानें कांहीं कुटुंबें मोडलींहि. रोममधील पौला ही कुलीन विधवा ३८५ मध्यें तपश्चर्येसाठीं पूर्वेकडे निघाली, तेव्हां तिचा लहान मुलगा टोक्सोटियस बंदरावर हात पसरून तिला विनवीत होता. तिनें कोरड्या डोळ्यांनीं आकाशाकडे पाहिलें आणि गलबत सुटलें. ही हकीकत तिची स्तुति करणाऱ्या जेरोमनेंच लिहिली आहे. त्याला तींत वीरश्री दिसली. आज वाचणाऱ्याला त्या मुलाचे पसरलेले हात अधिक दिसतात. आणि कार्थेजचा म्हातारा पुन्हां आठवतो.

पण याच घरानें पुढें एक वेगळें दृश्य दाखविलें. किनाऱ्यावर राहिलेला तो टोक्सोटियस मोठा झाला. त्याचें लग्न लीटा या मुलीशीं झालें. लीटेचा बाप अल्बिनस हा रोमच्या जुन्या देवांचा पुरोहित होता. बायको व मुलगी ख्रिस्ती, आपण मात्र जुन्या धर्माचा. लीटेला मुलगी झाली. तिचें नांव आजीवरून पौला ठेवलें. ४०३ च्या सुमारास जेरोमनें लीटेला मुलीच्या शिक्षणाविषयीं एक लांब पत्र लिहिलें. त्यांतले नियम फार कडक आहेत. पण मधेंच त्या तापट संन्याशाची लेखणी एकाएकीं मऊ होते. मुलीला खेळावयास हस्तिदंती किंवा लांकडी अक्षरें द्यावीं, असें तो सुचवितो. आजोबा दिसले कीं पोरीनें त्यांच्या अंगावर उडी मारावी, गळ्याला मिठी घालावी, आणि त्यांना नको असलें तरी त्यांच्या कानांत 'हालेलूया' म्हणावें, असें तो लिहितो. मूर्तिपूजेचा पुरोहित आपल्या मांडीवर ख्रिस्ताला वाहिलेली नात खेळवितो आहे, आणि तिच्या बोबड्या 'हालेलूया'नें सुखावतो आहे, याचें त्याला कौतुक वाटतें. शेवटीं तो म्हणतो, पोरीला बेथलेहेमला आजीकडे पाठवून दे. मी म्हातारा तिला खांद्यावर घेऊन हिंडेन आणि तिचे बोबडे बोल सुधारीन. मुलाला बंदरावर सोडून गेलेली पौला ४०४ मध्यें वारली. नात पुढें बेथलेहेमला गेली आणि तेथील मठांत राहिली.

या पत्रांत जेरोमला अल्बिनसच्या धर्मांतराची आशा होती, हें उघड आहे. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें तो म्हातारा आहे तसाच अधिक मोलाचा आहे. सम्राटांच्या आज्ञांनीं जुन्या देवळांतील यज्ञ बंद झालेले, वडिलोपार्जित देवांचे दिवस संपत आलेले, मुलगी दुसऱ्या मार्गानें गेलेली. आणि त्याच्याच मांडीवर बसून नात परक्या देवाचें स्तोत्र म्हणते आहे. त्यानें तिला खालीं उतरविलें नाहीं. कार्थेजच्या आजोबाच्या हातून जें झालें नाहीं, म्हणजे ज्या वाटेनें आपण जाणार नाहीं त्या वाटेनें लेकराला प्रेमानें जाऊं देणें, तें अल्बिनसच्या हातून झालें. कार्थेजच्या म्हाताऱ्याला दोष देण्याचें कारण नाहीं; त्याच्या मुलीची वाट रिंगणाकडे जात होती, आणि अल्बिनसच्या नातीची तशी नव्हती.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळतां येईल. आजी-आजोबांची माया ही श्रद्धेनें निर्माण केलेली नाहीं. ती मनुष्यस्वभावांतच आहे, आणि कार्थेजचा आजोबा त्याची साक्ष आहे. श्रद्धा त्या मायेपुढें दोन प्रश्न ठेवते. पहिला प्रश्न: तुझें 'माझें' कोठपर्यंत? कोठारवाला ख्रिस्ती असून या प्रश्नांत नापास झाला. माक्रिनेच्या नातवंडांनीं त्याचें उत्तर अनेसीच्या पंक्तीनें आणि कैसरियाच्या वेशीबाहेरील त्या नव्या शहरानें दिलें. दुसरा प्रश्न: जें तूं प्रेमानें वाढविलेंस, तें तुझ्या हातून सुटूं देशील काय? या प्रश्नाला मूर्तिपूजक अल्बिनस उतरला. म्हणून प्रतिबिंब कोठें पडलें आहे हें पाहतांना घरावरची पाटी वाचून भागत नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेचें मर्म जर आपलें सर्वस्व मोकळ्या हातानें देऊन टाकण्यांत असेल, तर जेथें जेथें पिकल्या केसांची माया मूठ उघडते तेथें तें मर्म दिसतें. आणि जेथें ती मूठ आंवळते, तेथें प्रार्थना कितीहि घोकल्या तरी तें दिसत नाहीं.

थोरल्या माक्रिनेनें लिहिलेली एक ओळहि आज उपलब्ध नाहीं. तिचें जें कांहीं आपल्याला ठाऊक आहे, तें नातवांनीं व त्यांच्या स्नेह्यांनीं सांगितलें म्हणून. घरोघर अशा आजी असतात; नातवंडांपलीकडे त्यांचा इतिहास कोणी लिहीत नाहीं, आणि नातवंडांनीं आपल्या वागण्यानें तो लिहिला नाहीं तर तो लिहिलाच जात नाहीं. बासिलनें आपल्या अडचणीच्या काळीं आजीचें नांव घेतलें, हें त्याच्या पदरीं पुण्य खरें. पण तें नांव घेण्याचा अधिकार त्यानें कमावला तो दुष्काळांत, परक्यांच्या पानांत वाढीत असतां.